नव्या नाटकावर ड्रामाटर्गचे काम : पहिल्या वाचनापासून प्रयोगसंहितेपर्यंत

ड्रामाटर्ग म्हणजे नाटककाराच्या किंवा दिग्दर्शकाच्या बाजूला बसून संहिता बारकाईने वाचणारा आणि तिच्याविषयी प्रश्न विचारणारा सहकारी. त्याच्या कामात ज्या चुका पुन्हा पुन्हा होताना दिसतात, त्यांतल्या बहुतेक क्रमाच्या चुका असतात. सूचना अचूक असते, पण ती दिग्दर्शकाच्या आधी नटापर्यंत पोहोचते. प्रश्न रास्त असतो, पण तो रंगीत तालमीच्या आदल्या दिवशी विचारला जातो. संशोधन मेहनतीने केलेले असते, पण संहिता नीट समजण्याआधीच गोळा केलेले असल्यामुळे त्यातले निम्मे कोणाच्याच उपयोगी पडत नाही. चांगले वाचक असलेले, नाटकावर मनापासून प्रेम करणारे लोक अशा चुकांमुळे तालमीच्या खोलीत नकोसे होतात, आणि त्यांच्या वाचनाचा जो फायदा नाटकाला व्हायला हवा होता तो होत नाही.

म्हणून या लेखात काम ज्या क्रमाने करावे तो क्रम सविस्तर मांडला आहे. नाटक समकालीन आहे, नाटककार हयात आहे, संहितेत अजून बदल होऊ शकतात आणि तालमीच्या तारखा ठरल्या आहेत, असे गृहीत धरले आहे. परिस्थिती वेगळी असेल तर काय बदलते, ते त्या त्या टप्प्यावर सांगितले आहे.

टप्पा १ : होकार देण्याआधी काम कोणते ते ठरवा

‘ड्रामाटर्ग’ या एका नावाखाली निदान तीन वेगळी कामे येतात. नवी संहिता घडत असताना नाटककाराच्या बाजूला बसणे हे पहिले. पक्क्या झालेल्या संहितेचा प्रयोग बसत असताना दिग्दर्शकाच्या बाजूला बसणे हे दुसरे. रूपांतर, भाषांतर किंवा थेट तालमीतून उभे राहणारे नाटक असेल, तर विखुरलेल्या मजकुराची बांधणी करणे हे तिसरे. पहिल्या कामात तुम्ही नाटककाराचा हेतू समजून घेऊन त्याच्या कसोटीवर मसुदा तपासता. दुसऱ्यात संहिता बदलण्याचा प्रश्नच नसतो आणि तुमचे प्रश्न मांडणीविषयी असतात. तिसऱ्यात तुम्ही प्रत्यक्ष वाक्ये लिहिण्याची शक्यता असते, त्यामुळे श्रेय आणि हक्क यांचा प्रश्न सर्वांत टोकदार होतो. एकाच नाटकात दोन भूमिका करायच्या असतील, तर कोणत्या दिवसापासून भूमिका बदलते तेही ठरवून ठेवावे.

यानंतर चार गोष्टी कागदावर याव्यात. तुम्ही कोणाला उत्तर देणे लागता. तुमच्या सूचना कोणाकडे आणि कोणत्या मार्गाने जातील. किती मसुदे वाचायचे व किती तालमींना हजर राहायचे. आणि श्रेयनामावलीत उल्लेख कसा होईल व तुम्ही सुचवलेल्या मजकुरावर हक्क कोणाचा राहील. शेवटचा मुद्दा अनेकांना अप्रस्तुत वाटतो. ‘रेंट’ या संगीत नाटकाच्या ड्रामाटर्ग लिन थॉमसन यांनी सहलेखिका म्हणून हक्क मिळावा यासाठी अमेरिकेत दावा केला होता. नाटककार जोनाथन लार्सन यांचे जानेवारी १९९६ मध्ये, नाटक प्रेक्षकांसमोर येण्याच्या अगदी तोंडावर निधन झाले होते, त्यामुळे त्यांना विचारण्याची सोय उरली नव्हती. १९९८ मध्ये अपील न्यायालयाने थॉमसन यांचे योगदान किरकोळ नव्हते हे लक्षात घेतले, तरीही एकत्र लेखक असण्याचा दोघांचा परस्पर हेतू सिद्ध होत नाही या कारणाने सहलेखनाचा दावा नाकारला. काम सुरू होण्याआधी लिहिलेल्या एका स्पष्ट पानाची किंमत यावरून कळते.

सावधान : ओळखीच्या मंडळींबरोबर काम असेल तेव्हा हा कागद हमखास टाळला जातो. ओळख जितकी जुनी, तितका तो आधी लिहावा, कारण वाद झाला तर नाटकाबरोबर मैत्रीही पणाला लागते.

टप्पा २ : पहिले वाचन हातात पेन्सिल न घेता करा

संहिता पहिल्यांदा वाचताना तुम्हाला जे वाटते ते पुन्हा कधीही वाटणार नाही. दुसऱ्या वाचनाला शेवट माहीत असतो, दहाव्या वाचनाला प्रत्येक वाक्याचे समर्थन माहीत असते. प्रेक्षक मात्र नाटक एकदाच पाहणार असतो, आणि तुमच्याकडे त्याच्यासारखे असे फक्त पहिले वाचन आहे. ते एका बैठकीत, मध्ये न उठता आणि काहीही खूण न करता पूर्ण करावे.

वाचून झाल्यावर संहिता बंद करून, तिच्याकडे न बघता एक पान लिहावे. कोणती चित्रे डोळ्यांपुढे राहिली, कुठे मन भरकटले, कुठे किती पाने उरली ते पाहिले, कोणाचे नाव आठवत नाही, शेवटी पोटात काय झाले, हे जसेच्या तसे लिहावे. कारणे शोधू नयेत. या पानावर तारीख घालून ते जपून ठेवावे. चौथ्या मसुद्यापर्यंत सगळ्यांच्या नजरा थकलेल्या असतात तेव्हा या पानाइतका विश्वासू सल्लागार सापडत नाही.

दुसरे वाचन मोठ्याने आणि घड्याळ लावून करावे. रंगसूचनांमधल्या हालचालींनाही वेळ द्यावा, कारण ‘ती शांतपणे सगळी भांडी आवरते’ ही एक ओळ मंचावर दोन मिनिटे घेऊ शकते. पेन्सिल तिसऱ्या वाचनाला हातात घ्यावी.

तपासणी : शेवटाविषयी तुमचे मत पहिल्या पानावर एका प्रकारचे आणि तिसऱ्या वाचनानंतर नेमके उलट असेल, तर दोन्ही टिपून ठेवा. हा फरक पुढे नाटककाराला सांगण्यासारखा असतो.

टप्पा ३ : संहितेचा नकाशा काढा

मत बनवण्याआधी वर्णन करायचे, हा या टप्प्याचा नियम आहे. तो पाळणे अवघड जाते, कारण वाचकाचे मन लगेच ‘हे जमले’, ‘हे जमले नाही’ असे म्हणू लागते. मनाला आवर घालण्याचा सर्वांत चांगला उपाय म्हणजे प्रवेशवार तक्ता.

तक्त्यात प्रत्येक प्रवेशासाठी मंचावर कोण आहे, कोण कधी येते-जाते, वेळ आणि जागा, प्रवेशाच्या सुरुवातीला आणि शेवटी असलेल्या परिस्थितीत काय फरक पडला, प्रेक्षकाला पहिल्यांदाच काय कळले आणि कोणती वस्तू कोणाच्या हातातून कोणाच्या हातात गेली, एवढे लिहावे. वडील वारल्यानंतर घर विकायला काढलेल्या दोन बहिणी आणि घर बघायला आलेला एक माणूस, अशा एका तीनपात्री नाटकावर मी काम केले. त्या तक्त्यातली एक ओळ अशी होती :

*प्रवेश ३. मंचावर थोरली व धाकटी. मध्यावर घर बघणारा येतो. दुपार, आधीच्या प्रवेशानंतर काही तासांनी. फरक : सुरुवातीला घर विकणे दोघींना मान्य, शेवटी फक्त थोरलीला. प्रेक्षकाला नवे : वरच्या खोलीत वडिलांची पत्रे आहेत. वस्तू : वरच्या खोलीची चावी थोरलीच्या हातातून टेबलावर; प्रवेश संपेपर्यंत ती कोणी उचलत नाही.*

या ओळीत एकही विशेषण नाही आणि एकही मत नाही. तरीही चावी कोणी उचलत नाही हे लिहिल्यावर त्या प्रवेशाचा ताण कुठे आहे ते दिसू लागते. ही चावी पुढे पुन्हा येणार आहे.

तक्त्याशेजारी आणखी एक छोटी यादी करावी : कोणाला काय माहीत आहे आणि ते कधी कळले. प्रेक्षक पात्राच्या पुढे आहे, मागे आहे की बरोबर आहे, हे या यादीवरून प्रवेशागणिक सांगता येते. ‘प्रवेश रेंगाळतो’ अशी तक्रार येते तिथे अनेकदा असे आढळते की प्रेक्षकाला जे दहा मिनिटांपूर्वी कळले आहे तेच पात्रे एकमेकांना सांगत बसली आहेत.

समकालीन नाटकांत हा तक्ता कधी कधी भरताच येत नाही, आणि इथे फार मोठी चूक होते. ब्रिटिश नाटककार सारा केन यांच्या २००० साली मंचावर आलेल्या ‘४.४८ सायकोसिस’ या नाटकात पात्रांची नावे नाहीत आणि किती नट लागतील हेही दिलेले नाही. कॅरिल चर्चिल यांच्या २०१२ सालच्या ‘लव्ह अँड इन्फर्मेशन’मध्ये विभागांचा क्रम ठरलेला आहे, पण विभागांच्या आतल्या प्रवेशांचा क्रम प्रयोग करणाऱ्यांनी ठरवायचा आहे. अशा संहितेला ‘नायकाला काय हवे आहे’ हा प्रश्न विचारून ती अपुरी आहे असे ठरवणे म्हणजे आपल्या हातातली मोजपट्टी चुकीची आहे हे मान्य न करणे. इथे तक्त्याचे रकाने बदलावे : बोलण्याची लय कुठे बदलते, मजकूर प्रेक्षकाला उद्देशून कुठे होतो, कोणता शब्द किंवा प्रतिमा किती वेळा आणि किती अंतराने परत येते, पानावरची मोकळी जागा कुठे वाढते. नाटकाकडे एखाद्या अनोळखी ग्रहाकडे पाहावे तसे पाहा आणि तिथला अवकाश, काळ, उजेड, हवा कशी आहे ते आधी विचारा, असे नाट्यसमीक्षक एलिनॉर फुक्स यांनी सुचवले आहे. कथानक हाती लागत नसेल तेव्हा या प्रश्नांनी खरोखरच वाट सापडते.

विरामचिन्हांचाही नकाशा करावा. चर्चिल यांनी रूढ केलेली तिरपी रेघ पुढच्या पात्राने कोणत्या शब्दावर बोलणे सुरू करायचे ते दाखवते. दुसऱ्या कोणाच्या संहितेत तीच रेघ कवितेची ओळ तुटल्याची खूण असू शकते. ‘थांबा’, ‘शांतता’ आणि नुसती रिकामी ओळ, या तिन्हींचा अर्थ नाटककाराच्या मनात वेगळा आहे का, हे विचारून घ्यावे आणि उत्तर संहितेच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावे.

तपासणी : नाटकात काय घडते ते तुम्हाला पाच वाक्यांत, कोणतेही मत न देता सांगता येते का? ती पाच वाक्ये नाटककाराला वाचून दाखवा. तो म्हणाला की ‘हे माझे नाटक नाही’, तर पुढच्या टप्प्यावर जाऊ नका.

टप्पा ४ : संशोधन प्रश्नांपासून सुरू करा

नकाशा तयार होण्याआधी संशोधन केले, तर विषयाविषयी सगळेच गोळा होते. नकाशानंतर केले तर जे अडले आहे तेवढेच शोधले जाते. प्रत्येक टिपणाच्या डोक्यावर ते संहितेतल्या कोणत्या ओळीसाठी आहे ते लिहावे. अशी ओळ सापडत नसेल, तर टिपण कितीही रंजक असले तरी ते स्वतःपाशी ठेवावे.

टिपणे कोण वाचणार आहे त्यानुसार वेगळी करावीत. नटाला उच्चार, पात्राच्या व्यवसायातली रोजची कृती आणि शब्दाचा नेमका अर्थ लागतो. भूलतज्ज्ञाची भूमिका करणाऱ्याला भुलीचा इतिहास नको असतो. त्याला सुई टोचण्याआधी हात कुठे असतात ते हवे असते. नेपथ्यकार, वेशभूषाकार आणि प्रकाशयोजनाकार यांना चित्रे हवी असतात, परिच्छेद नव्हेत. दिग्दर्शकाला अशी माहिती हवी असते जिच्यामुळे दोन पर्यायांमधून एक निवडता येईल. एका विषयाला एक पान, ही मर्यादा मी स्वतःवर घालून घेतली आहे. जाडजूड फाइल पहिल्या दिवशी सगळ्यांना आवडते आणि दुसऱ्या दिवसापासून कोणी उघडत नाही.

नाटक खऱ्या मुलाखतींवर किंवा हयात व्यक्तींच्या आयुष्यावर बेतलेले असेल, तर संमती कशासाठी आणि किती मजकुरासाठी दिली आहे याची नोंद याच टप्प्यावर तपासावी. आत्महत्या, लैंगिक हिंसा, आजार यांसारख्या विषयांवर त्या क्षेत्रात काम करणाऱ्या जाणकाराला संहिता तालमीआधी वाचायला द्यावी. तालमी सुरू झाल्यावर आलेला त्याचा आक्षेप कितीही योग्य असला तरी मग घाईत निस्तरला जातो.

टप्पा ५ : नाटककाराशी बोलताना क्रम मोडू नका

पहिल्या बैठकीत बहुतेक वेळ ऐकण्यात जावा. हे नाटक आत्ताच का लिहावेसे वाटले, कोणता भाग लिहिताना सोपा गेला, कोणत्या भागाला हात लावायची भीती वाटते, या मसुद्यावर कशाबद्दल बोलायचे आहे आणि कशाबद्दल अजिबात नाही, हे विचारावे. शेवटचा प्रश्न विसरू नये. नाटककाराला भाषेविषयी बोलायचे नसताना त्याच्या भाषेवर बोलत राहणाऱ्या ड्रामाटर्गचे रचनेविषयीचे म्हणणेही मग ऐकले जात नाही.

त्यानंतर बोलण्याचा एक ठरलेला क्रम ठेवावा. नृत्यदिग्दर्शिका लिझ लर्मन यांनी घडवलेली प्रतिसादाची चार पायऱ्यांची पद्धत मला सर्वांत भरवशाची वाटते. आधी पाहणाऱ्याने काय अर्थपूर्ण वाटले, काय मनात राहिले ते सांगायचे. मग कलाकाराने प्रश्न विचारायचे. मग पाहणाऱ्याने ज्यांत मत दडलेले नाही असे, तटस्थ प्रश्न विचारायचे. आणि सर्वांत शेवटी, कलाकाराची परवानगी घेऊन मत द्यायचे. तिसरी पायरी फसवी आहे. ‘हा प्रवेश इतका लांब का आहे?’ हा प्रश्न दिसायला प्रश्न असला तरी आत निकाल देऊन बसलेला आहे. ‘या प्रवेशात वेळ कसा जाणवावा असे तुमच्या मनात आहे?’ असे विचारले, तर नाटककार विचार करू लागतो, बचाव करत नाही.

दोन बहिणींच्या त्या नाटकातलाच एक नमुना देतो. माझ्या वहीत पहिल्यांदा लिहिलेली नोट अशी होती : ‘तिसऱ्या प्रवेशात धाकटीने खरे काय ते सांगून टाकावे.’ ही नोट वाईट आहे, कारण तीत मी स्वतःचे नाटक लिहायला लागलो आहे. ती खोडून मी लिहिले : ‘तिसऱ्या प्रवेशात धाकटी तीनदा दाराकडे जाते आणि तीनदा परत येते. दुसऱ्यांदा ती का परतते ते मला कळले नाही. ते प्रेक्षकाला कळावे असे तुम्हाला वाटते का, की न कळणेच हवे आहे?’ या नोटेत आधी संहितेतला पुरावा आहे, मग माझा अनुभव आहे, आणि शेवटी निवड नाटककाराच्या हाती आहे. नाटककाराने उत्तर दिले की तिसरी फेरीच नको आहे. मला हे सुचले नसते.

एका मसुद्याला तीन मोठे प्रश्न पुरे. चाळीस बारीक नोट्स दिल्या तर नाटककार त्यांतल्या सोप्या पस्तीस दुरुस्त करतो आणि नाटक होते तिथेच राहते. शुद्धलेखन, नावांतली तफावत, तारखांची गडबड अशा बाबी वेगळ्या कागदावर, मोठ्या प्रश्नांनंतर काही दिवसांनी द्याव्यात. बैठकीनंतर दोन दिवसांत जे बोलणे झाले ते पत्राच्या रूपात लिहून पाठवावे. बोलण्यातली धार कागदावर येताना सौम्य होते, आणि नाटककाराकडे पुन्हा पाहण्यासाठी काहीतरी राहते.

सावधान : दिग्दर्शक आणि ड्रामाटर्ग यांनी नाटककाराला वेगवेगळ्या भेटींत परस्परविरोधी नोट्स देणे ही मसुदा बिघडवण्याची खात्रीची रीत आहे. आधी दोघांनी बसावे, मतभेद असतील तर ते मतभेद म्हणूनच नाटककारासमोर ठेवावेत.

टप्पा ६ : वाचन घ्या आणि खुर्च्यांकडे बघा

मसुदा जरा स्थिर झाला की नटांकडून वाचन करून घ्यावे. कोणत्या रंगसूचना मोठ्याने वाचायच्या हे आदल्या दिवशी संहितेवर खूण करून ठरवावे आणि त्या वाचणारी व्यक्ती वेगळी असावी. सगळ्या सूचना वाचल्या तर लय मोडते. एकही वाचली नाही तर ज्या प्रवेशात सगळे काही हालचालीतच घडते तो पोकळ वाटतो.

वाचन चालू असताना नटांकडे बघायचा मोह आवरून ऐकणाऱ्यांकडे बघावे. कुठे खुर्च्या कुरकुरल्या, कुठे खोकला सुरू झाला, कुठे सगळे एकदम स्थिर झाले, हशा अपेक्षेपेक्षा एक ओळ आधी आला का, एवढे समासात मिनिटासह टिपावे. वाचनानंतर चर्चा घ्यायची असेल तर ‘आवडले का?’ हा प्रश्न नसावा. ‘तुम्हाला सर्वांत स्पष्ट काय आठवते?’ आणि ‘कुठल्या क्षणी तुम्हाला नव्याने काहीतरी कळले?’ हे प्रश्न उपयोगी माहिती देतात. श्रोता उपाय सुचवू लागला तर उपाय बाजूला ठेवून तो ज्या जागेबद्दल बोलतो आहे ती जागा टिपावी; जागा बहुधा बरोबर असते.

नाटककाराशी याविषयी त्याच रात्री बोलू नये. एक दिवस जाऊ द्यावा.

टप्पा ७ : मसुदे आणि छाटणी यांची शिस्त ठेवा

प्रत्येक मसुद्याच्या प्रत्येक पानावर मसुद्याचा क्रमांक, तारीख आणि पान क्रमांक असावा. तालमी सुरू झाल्यावर पूर्ण संहिता पुन्हा छापण्याऐवजी बदललेली पानेच द्यावीत, ती वेगळ्या रंगाच्या कागदावर असावीत, आणि मध्ये वाढलेल्या पानाला ‘२३ अ’ असा क्रमांक द्यावा म्हणजे पुढचे आकडे हलत नाहीत. दोन नट वेगवेगळ्या मसुद्यांतून पाठांतर करत आहेत हे दहाव्या दिवशी लक्षात येणे टाळता येण्यासारखे आहे.

छाटणी नेहमी नाटककाराच्या, किंवा हक्क ज्याच्याकडे आहेत त्याच्या, संमतीने करावी. नाटक दुसऱ्या कोणाचे पूर्वप्रकाशित असेल तर ही संमती लेखी घ्यावी, आणि ‘दोन-चार ओळी’ हे कारण पुढे करू नये. क्रम असा ठेवावा : आधी पुनरुक्ती, मग कृतीतून दिसलेल्या गोष्टीचे शब्दांतले स्पष्टीकरण, मग प्रवेशाची सुरुवात आणि शेवट, आणि इतके करूनही गरज पडली तरच एखादा संपूर्ण प्रवेश. प्रवेशांच्या कडा आश्चर्यकारक वेळा सैल असतात. ‘अरे, तू कधी आलास?’ पासून सुरू होणारा प्रवेश पाचव्या ओळीपासून सुरू करून बघावा.

आता ती चावी. दुसऱ्या मसुद्यात धाकटी दुसऱ्या प्रवेशाच्या शेवटी थोरलीच्या हातात चावी ठेवत असे. लांबी कमी करताना तो अर्ध्या पानाचा भाग गेला, आणि तो जावा असे मीच सुचवले होते. तिसऱ्या प्रवेशात थोरली चावी टेबलावर ठेवून म्हणत असे, ‘ही तू मला द्यायलाच नको होतीस.’ ही ओळ तशीच राहिली. तीन तालमी त्या ओळीवर नटी अडखळत होती, तिथे उगीचच मोठा विराम घेत होती, दिग्दर्शक तिला विरामाबद्दल टोकत होते, आणि दोष अभिनयाचा आहे असे आम्हा सगळ्यांना वाटत होते. चौथ्या दिवशी मी जुना तक्ता काढला. वस्तूंच्या रकान्यात चावी दुसऱ्या प्रवेशातून नाहीशी झालेली मला दिसली, आणि ते छाटणीच्या दिवशीच दिसायला हवे होते.

तपासणी : प्रत्येक छाटणीनंतर काढलेल्या भागातली वस्तू, नाव, बातमी, वचन आणि विनोद यांची यादी करा आणि त्यांपैकी प्रत्येकाचा पडसाद पुढे कुठे उरला आहे का, ते सबंध संहितेत शोधा. तक्ता त्याच दिवशी दुरुस्त करा.

टप्पा ८ : तालमीत केव्हा असावे आणि केव्हा नसावे

पहिले काही दिवस, संहिता टेबलाभोवती वाचली जात असताना, तुम्ही पूर्णवेळ हजर असावे. शब्दांचे अर्थ, घटनांचा कालक्रम, संदर्भ यांची उत्तरे तिथेच द्यावीत. नकाशा मात्र नटांसमोर उलगडून ठेवू नये. पात्राविषयीचा निष्कर्ष तुम्ही आयता दिला की नटाची तो शोधण्याची वाट बंद होते.

उभ्याने तालीम सुरू झाली आणि प्रवेश बसू लागले की बाहेर पडावे. हे पचवणे कठीण जाते, कारण आपण नसताना काहीतरी निसटेल असे वाटत राहते. पण रोज बसलेल्या माणसाला प्रवेश कसा घडला तेच दिसत राहते, तो आत्ता कसा दिसतो ते दिसत नाही. आठवडाभराने, पहिल्या सलग तालमीला परत यावे आणि त्या दिवशी संहिता हातात न घेता, दर वेळी वेगळ्या जागेवर बसून पाहावे. पहिल्या वाचनाचे ते जुने पान आदल्या रात्री पुन्हा वाचावे.

नोट्सचा मार्ग एकच : दिग्दर्शक. सुरुवातीच्या एका नाटकात मी जिन्यात भेटलेल्या नटाला सहज म्हणालो की शेवटचे स्वगत जरा थंडपणे ऐकायला आवडेल. दिग्दर्शकाने त्या स्वगतासाठी दोन आठवडे नेमका उलटा आलेख बांधला होता. दुसऱ्या दिवशी नट दोन्हींच्या मध्ये कुठेतरी अडकला आणि ते सरळ व्हायला चार दिवस गेले. माझे मत चुकीचे होते असे मला आजही वाटत नाही. पण ते सांगायची माझी जागा तो जिना नव्हती. तेव्हापासून नटाने थेट विचारले तरी मी संदर्भाच्या प्रश्नाचेच उत्तर देतो आणि बाकीचे ‘आपण दिग्दर्शकांना विचारू’ म्हणून वहीत लिहितो.

सलग तालमीनंतरच्या नोट्स तीन गटांत लिहाव्यात : जे समजले नाही, जे दोनदा समजले आणि जे संहितेच्या उलट दिसले. हे तीन गट दिग्दर्शकाला लगेच वापरता येतात. पहिल्या प्रयोगाची तारीख जवळ येईल तशी नोट्सची संख्या कमी झाली पाहिजे. प्रकाश आणि ध्वनीचे क्यू, म्हणजे कोणत्या क्षणी काय बदलायचे त्या खुणा, बसवण्याच्या दिवसांत रचनेविषयीची नोट देऊ नये. त्या वेळी ती अमलात आणण्याची सोय कोणाकडेच नसते आणि नुसता आत्मविश्वास डळमळतो. अपवाद फक्त दोन : कोणाला इजा होण्याचा संभव, किंवा तथ्याची अशी चूक जिच्यामुळे खऱ्या माणसांवर अन्याय होईल.

टप्पा ९ : प्रेक्षकांसाठीचा मजकूर

प्रयोगपुस्तिकेतले टिपण प्रेक्षक पडदा उघडण्याआधीच्या काही मिनिटांत, अर्ध्या उजेडात वाचतो. ते एका पानाच्या आत असावे, नाटकाचा अर्थ सांगणारे नसावे, आणि शेवटाकडे बोट दाखवणारे तर मुळीच नसावे. प्रेक्षकाला जी माहिती नसली तर पहिली पंधरा मिनिटे तो हरवेल, तेवढीच माहिती द्यावी. नाटकात हिंसा, आत्महत्येचा उल्लेख, बंदुकीचा आवाज, लुकलुकणारा तीव्र प्रकाश असे काही असेल तर ते नेमक्या शब्दांत आणि तिकीट घेतानाच कळेल अशा जागी लिहावे. ‘संवेदनशील विषय’ असे मोघम लिहिल्याने ज्याला ती माहिती हवी आहे त्याला काहीच कळत नाही.

टप्पा १० : पहिल्या प्रयोगानंतर

पहिला प्रयोग झाला की बहुतेक ड्रामाटर्ग जातात, आणि नव्या नाटकाचे यामुळे मोठे नुकसान होते. पहिल्या तीन-चार प्रयोगांना मागच्या रांगेत बसून, वाचनाच्या वेळी केल्या तशाच मिनिटासह नोंदी कराव्यात आणि दोन्ही शेजारी ठेवून पाहाव्यात. वाचनात जिथे खुर्च्या कुरकुरल्या तिथे आता शांतता असेल तर मांडणीने काम केले आहे. अजूनही कुरकुर असेल तर दुखणे संहितेत आहे आणि ते पुढच्या मसुद्यासाठी नोंदवावे. एका प्रयोगावरून काहीही ठरवू नये.

त्यानंतर प्रयोगसंहिता तयार करावी. तालमीत बदललेल्या ओळी, नटाच्या तोंडी नकळत रुळलेले शब्द, गाळलेल्या आणि वाढवलेल्या रंगसूचना, यांची यादी रंगमंच व्यवस्थापकाच्या प्रतीशी ताडून नाटककारासमोर ठेवावी आणि प्रत्येक बदल ठेवायचा की मूळ मजकूर परत आणायचा, हे त्याने ओळीगणिक ठरवावे. या प्रयोगापुरते केलेले बदल आणि नाटकाचे कायमचे बदल वेगळ्या खुणांनी दाखवावेत, कारण पुढे हे नाटक बसवणाऱ्या माणसाला आमची टेबलावरची चावी वेगळ्या जागी ठेवायची असू शकते. अंतिम प्रतीवर तारीख घालावी, एक प्रत नाटककाराकडे आणि एक संस्थेकडे द्यावी, आणि स्वतःजवळच्या जुन्या मसुद्यांचे काय करायचे ते नाटककाराला विचारून मगच ते ठेवावेत किंवा नष्ट करावेत.